सिंहगड रस्ता: तिन्ही पूल झाले, आता कुठे अडतंय?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरचे तिन्ही उड्डाणपूल आता अंगवळणी पडलेत, म्हणून हा धागा काढतेय. राजाराम पुलाजवळचा छोटा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाला, विठ्ठलवाडीहून फन टाइम थिएटरपर्यंत जाणारा लांब पूल १ मे २०२५ ला आणि माणिकबागेकडून स्वारगेटच्या दिशेला येणारा तिसरा सप्टेंबर २०२५ मध्ये. २०२१ ला भूमिपूजन झालं, खर्च ११८ कोटींच्या घरात. मधली वर्षं आपण सगळ्यांनी पत्र्यांच्या कडेकडेनं काढली.

पुलांमुळे मधला तुकडा मोकळा झाला, हे मला मान्यच आहे. पण हा रस्ता अडतो त्याचं कारण वेगळं आहे असं मला ठामपणे वाटतं. एका बाजूला मुठा नदी, दुसऱ्या बाजूला पर्वती-तळजईची टेकडी, टेकडीच्या पायथ्याला कालवा. या चिंचोळ्या पट्टीत दांडेकर पुलापासून धायरी फाट्यापर्यंत धड दुसरा रस्ताच नाही. पोराला क्लासला सोडणारी आई, शाळेची व्हॅन, वाळूचा डंपर, गडावर निघालेला ग्रुप, सगळे एकाच रस्त्यावर येतात. त्याच रस्त्यावर आधी पूल, आता मेट्रो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं खराडी–हडपसर–स्वारगेट–खडकवासला आणि नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग या मार्गांना मंजुरी दिलीय. मेट्रो हवीच आहे. पण समांतर रस्ते आणि नदीवरचे पूल झाल्याशिवाय हा पट्टा सुटेल का?

तुमच्या भागात कोंडी खरंच कमी झाली की नुसती पुढे सरकली, ते सांगा.

धायरीकर नाना
पुढे सरकली. आमच्या दारात येऊन बसली.

गडवारी
नाना, तुमच्याकडे नाही, फन टाइमच्या उतारावर बसलीय. संध्याकाळी पुलावरून सुसाट यायचं आणि उतरल्या उतरल्या ब्रेक. खालून येणारे आणि वरून येणारे तिथे एकमेकांत घुसतात. तिथून वडगावच्या पुलापर्यंत पुन्हा पहिला गिअर.

पण सकाळचं सांगतो. पहाटे गडावर जाऊन परत ऑफिस गाठणारे आम्ही. पूर्वी परतताना माणिकबाग ते राजाराम पूल या पट्ट्यात सगळा उत्साह गळून जायचा. आता ते अंतर चुटकीसरशी जातं. त्यामुळे पूल वाया गेले असं कुणी म्हणू नये.

विश्वकर्मा
रस्तेबांधणीत आयुष्य गेलं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मोकळ्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला साधारण १८०० गाड्या जाऊ शकतात. सिग्नल आला आणि हिरवा दिवा निम्माच वेळ मिळाला, की आकडा निम्म्यावर येतो. उड्डाणपूल हेच करतो: सरळ जाणाऱ्याला सिग्नलमधून सोडवतो. म्हणजे हिंगणे, संतोष हॉल, माणिकबाग इथे पूर्वी गाड्या हप्त्याहप्त्यानं सुटायच्या, त्या आता एकदम पुढे पोचतात. पुढचा चौक मात्र पूर्वीचाच. तो आपल्या कुवतीइतक्याच सोडणार, बाकीच्या रांगेत. गडवारी यांना उतारावर जे दिसतं ते हेच आहे.

यात पूल बांधणाऱ्यांचा दोष काढायचं कारण नाही. पूल एका रेषेवरची अडचण दूर करतो. इथे अख्खा भाग एका रेषेवर टांगलाय, ही खरी अडचण. कर्वे रस्ता तुंबला तर पौड रस्ता, म्हात्रे पूल, डीपी रस्ता असे चार मार्ग निघतात. सिंहगड रस्त्यावर राजाराम पूल सोडला की नदी ओलांडायला थेट बायपासच गाठावा लागतो. धागाकर्तीशी पूर्ण सहमत.

वाणसामान
हिंगण्यात आमचं किराणा दुकान आहे, वडिलांपासून. पूल झाला ते चांगलं झालं. पण काम चालू होतं तेव्हा दुकानापुढे पत्रे लागले आणि टेम्पो उभा करायला जागा उरली नाही. मार्केट यार्डातून आलेली पोती आतल्या गल्लीत उतरवायची आणि हातगाडीवर एकेक करून आणायची. सकाळी शटर वर केलं की पहिलं काम हातात फडका घेणं. डाळीच्या डब्यांच्या झाकणांवर करडी धूळ बोटानं रेघ ओढता येईल इतकी. जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, दादा, फोनवर यादी सांगते, घरी पाठवून दे, रस्ता ओलांडवत नाही.

आता मेट्रोच्या कामासाठी पुन्हा पत्रे लागणार. मेट्रोला माझा विरोध नाही, माझी मुलगी हडपसरला कॉलेजला जाते, तिच्यासारखी शेकडो मुलं जातात. एवढंच मागणं आहे की काम तुकड्या-तुकड्यानं करा आणि झालेल्या तुकड्याचे पत्रे लगेच काढा.

पायीपायी
वाणसामान यांनी रस्ता ओलांडण्याचं बोललं म्हणून लिहिते. आख्ख्या धाग्यात गाड्याच गाड्या. माणसं कुठायत?

माझी आई माणिकबागेत राहते. वय ७६, गुडघे दुखतात. औषधाचं दुकान समोरच, पण रस्त्याच्या पलीकडे. पूर्वी सिग्नलला गाड्या थांबायच्या, तेवढ्यात ती जायची. आता पुलाखालून वळणाऱ्या गाड्या वेगळ्या, पुलावरून उतरणाऱ्या वेगळ्या, आणि उतरणारा वेग कमी करायला तयार नसतो. ती खांबाला हात लावून दुभाजकावर उभी राहते आणि कुणी तरणा पोरगा दिसला की म्हणते, बाळा, मला नेतोस का पलीकडे. पोरं नेतात, बिचारी. पण हा काही उपाय झाला का? पुलाखाली जागा मिळालीच आहे तर प्रत्येक चौकात पादचाऱ्यांचा वेगळा सिग्नल द्या, दुभाजकात उभं राहायला रुंद आणि सपाट जागा द्या. त्याला ११८ कोटी लागत नाहीत.

धायरीकर नाना
ताई, आईंना नमस्कार सांगा. माणिकबागेत पादचाऱ्यांचा सिग्नल हवा या मागणीवर पहिली सही माझी.

कंडक्टरची लेक
पायीपायी +१. आणि बस. बाबा पूर्वी पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसमध्ये, कंडक्टर होते, २००७ ला तिची पीएमपी झाली तेव्हाही नोकरीत होते, म्हणून घरात बसचाच विषय असायचा.

बस पुलावरून जाऊच शकत नाही हे किती जणांच्या लक्षात आलंय? थांबे सगळे खाली. हिंगणे, आनंदनगर, माणिकबाग इथले प्रवासी घ्यायचे तर बसला खालूनच जावं लागणार, सिग्नलला थांबावं लागणार. एका बसमधले साठ जण खाली, आणि वरून एकेकटा माणूस बसलेल्या मोटारी मोकळ्या. खालची गर्दी हटल्यामुळे बसलाही फायदा झालाय, बाबा स्वतः म्हणतात. पण खालच्या डाव्या लेनमध्ये रिक्षा, भाजीच्या गाड्या आणि पार्किंग. बस थांब्याला लागतच नाही, माणसं रस्त्याच्या मधोमध चढतात. मेट्रो यायला पाच वर्षं धरलीत, तोवर निदान खालची डावी लेन गर्दीच्या वेळेला मोकळी ठेवता येईल की नाही?

जुना पर्वतीकर
तुम्ही सगळे तरुण आहात, म्हणून थोडं मागे नेतो.

हा रस्ता सुरुवातीपासून धरणाचा आणि गडाचा. खडकवासल्याचं जुनं धरण १८७९ चं. १९१६ साली पाण्यावरचं संशोधन केंद्र सुरू झालं आणि ते पुढे खडकवासल्याला आलं, १९५५ साली एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिकडे माणसं असायची ती सरकारी कामाची. विठ्ठलवाडीला आषाढीला जायचं म्हणजे गावाबाहेर जाणं. दोन्ही बाजूंना शेतं आणि कालव्याचं पाणी.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं. माणसं सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहतींमध्ये हलली. नदीपासून लांब राहावं हा धडा आमच्या पिढीच्या मनावर कोरलेला आहे. नंतर शहर वाढत गेलं आणि याच पट्टीत, नदीला खेटून, इमारती उभ्या राहिल्या. आधी इमारती आल्या आणि रस्ता नंतर शोधला. २०१७ ला धायरी वगैरे ११ गावं महापालिकेत आली, २०२१ ला नांदेड, किरकटवाडी, खडकवासला धरून आणखी २३. त्या गावांना ना पुरेसं पाणी, ना ड्रेनेज. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ याच भागात पसरली, ते आठवत असेल.

मुद्दा असा, की नुसता रस्ता करून भागत नाही, त्याच्या आधी बाकीचं यावं लागतं.

किरकटवाडी
पर्वतीकर काका, तुम्ही आमच्या मनातलं बोललात. पुलांच्या कौतुकात नांदेड फाट्याच्या पुढचं कुणी बोलत नाही. रविवारी संध्याकाळी खडकवासला चौपाटीवरून परतणाऱ्या गाड्या आणि आमच्या गावातून निघणाऱ्या गाड्या एकाच वेळी एकाच अरुंद रस्त्यावर. कणीस आणि भजी खायला या, आनंद आहे, पण गाडी रस्त्याच्या कडेला आडवी लावून जाऊ नका. मागच्या पावसाळ्यात शेजारच्यांच्या सूनबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, रिक्षा धरणापासून हलेना. शेवटी चौपाटीवरच्या पोरांनीच खाली उतरून रस्ता मोकळा करून दिला.

गडवारी
अवांतर: आमच्याकडे पाहुणे "विठ्ठलवाडीला पोचलो" असं फोनवर सांगायचे तेव्हा आई कुकर लावायची. आता पूल झाल्यावर कुकर आधी लावावा लागतो!

धायरीकर नाना
@गडवारी आम्ही अजून "वडगावला पोचलो" ऐकल्यावरच डाळ भिजत घालतो. 😄

ठाणेकरीण
पुण्याची नाही, पण घोडबंदर रस्त्यावर राहते म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमचीच गोष्ट आहे. इकडे कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे ओळीनं उड्डाणपूल झाले, तरी गायमुखाचा घाट आला की सगळं बसतं, कारण गुजरातकडे जाणारे अवजड ट्रक आणि आमच्या सोसायट्या एकाच रस्त्यावर. आता मेट्रोचे खांब झाले, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळण्याचं काम काढलं. त्यामुळे आमच्याकडे गल्लीतून निघालं की थेट महामार्गावर. तुमच्याकडे मेट्रो येईल तेव्हा एक गोष्ट आधीच मागून घ्या: स्टेशनच्या जिन्यापाशी रिक्षा आणि बस उभी राहायला जागा. ती नंतर मिळत नाही. खांब झाले की सगळ्या जागा वाटल्या गेलेल्या असतात.

विश्वकर्मा
ठाणेकरीण यांचा मुद्दा लाखमोलाचा. स्टेशनच्या आराखड्यात ती जागा आत्ताच नोंदवून घ्यायला हवी.

नदीमित्र
समांतर रस्त्याची मागणी होतेय म्हणून सावध करतो. नदीच्या बाजूचा रस्ता आधी करून पाहिलाय. विठ्ठलवाडीहून वारज्याच्या दिशेनं नदीपात्रात भराव टाकून रस्ता सुरू केला होता. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये त्यावर निर्णय देऊन पात्रातला भराव काढायला लावला. पूररेषेच्या आत भराव घातला की नदीचं पात्र आवळतं, आणि पाणी दुसरीकडे जागा शोधतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत लोकांच्या घरात रात्रीत पाणी शिरलं, बोटी आणाव्या लागल्या. गाडीची दहा मिनिटं वाचवायला नदीत रस्ता नको, एवढी कळकळीची विनंती.

मुठाकाठ
नदीमित्र, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. नदीपात्रातला रस्ता मला कधीच नको होता. समांतर म्हणजे मी टेकडीच्या बाजूचा म्हणत होते, कालव्याच्या काठचा. आजही कितीतरी दुचाकीवाले कालव्याच्या कडेनं कच्च्या वाटेनं जातातच.

खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा काढून कालव्याचं पाणी त्यातून न्यायचं, अशी योजना आहे. ती झाली तर शहरातल्या कालव्याची जागा मोकळी होईल. ती पुन्हा मोटारींना देऊन टाकायची की बस, सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायची, हे आत्ताच ठरवायला हवं. नंतर त्या जागेवर काय उभं राहील ते सांगता येत नाही.

जुना पर्वतीकर
मुठाकाठ ताई, कालव्याला हात लावताना २७ सप्टेंबर २०१८ विसरू नका. जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत भर सकाळी पाणी घुसलं. घरातली भांडी रस्त्यावर तरंगत होती. मी वहीवरची शाई पुसलेली पोरांची दप्तरं उन्हात वाळत घातलेली पाहिलीत. बोगदा होईपर्यंत तो कालवा जिवंत आहे, त्याच्या काठावरून जड वाहनं नकोत.

विश्वकर्मा
बरोबर. मातीच्या काठावर भार आणि हादरे नकोतच. सायकल आणि चालणाऱ्यांपुरती वाट तेवढी सुरक्षित करता येईल, तीही पाटबंधारे खात्याच्या परवानगीनं आणि कठडे घालून.

बांधावरचा
मी धायरीतला शेतकरी. रस्त्यांच्या चर्चेत विकास आराखड्यातले रस्ते, डीपी रस्ते, वारंवार येतात. आराखड्यात रेघ ओढली की ती आमच्या बांधावरून जाते. रस्ता नको असं आम्ही म्हणत नाही. आमची मुलंही त्याच कोंडीत अडकतात. पण जमीन घेताना पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचे किंवा विकायचे बांधकामाचे हक्क, घ्या म्हणतात. टीडीआरचा कागद घेऊन मी कुणाकडे जाऊ? बाजारभाव पडलेला असला की बिल्डर त्याला हात लावत नाही. रोख मोबदला द्या, वेळेत द्या, दोन महिन्यांत रस्ता मोकळा करून देतो. आमच्या गावात अर्धा झालेला रस्ता एका भिंतीपाशी येऊन थांबलाय. शहरातले लोक म्हणतात, शेतकरी अडवतोय. कुणी येऊन आमच्याशी बसून बोललेलं नाही.

कंडक्टरची लेक
दादा, हे लिहिलंत बरं केलं. आम्हाला फक्त भिंत दिसते, तिच्यामागचं कुणी सांगत नाही.

गडवारी
पण दादा, रोख मोबदला द्यायचा तर एवढे पैसे आणायचे कुठून? प्रत्येक जण रोख मागेल. मग वर्षानुवर्षं काहीच होणार नाही.

बांधावरचा
पुलाला पैसे मिळाले, मेट्रोच्या दोन्ही मार्गांना मिळून ९,८५७ कोटी मंजूर झाले. गल्लीतल्या दीड किलोमीटरच्या जोडरस्त्यालाच पैसे नसतात का? तोच जोडरस्ता झाला असता तर धायरी फाट्यावर जाणाऱ्या निम्म्या गाड्या आतल्या आत वळल्या असत्या. दीड एकर गेली तर माझं उरलेलं रान दोन तुकड्यांत होतं. ते सोसायला मी तयार आहे, पण फुकट नाही.

मुठाकाठ
हा मुद्दा मला धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोठ्या पुलाचं उद्घाटन होतं, दीड किलोमीटरच्या जोडरस्त्याचं कुणी करत नाही. पण या भागाला खरा श्वास त्या जोडरस्त्यांनीच मिळेल. धायरी, नऱ्हे, वडगाव यांना आतून जोडणारे रस्ते आणि नदीवरचे पूल. सनसिटीहून कर्वेनगरला जाणारा पूल हा त्यातला सर्वांत जवळचा उपाय. आनंदनगरच्या माणसाला कोथरूडला जायला राजाराम पुलापर्यंत उलटं यावं लागणार नाही.

कर्वेनगरवाला
धागा वाचत होतो, आता लिहावंच लागतंय. तो पूल उतरतो आमच्याकडे. तुम्हा सगळ्यांना तो हवाय, आम्हालाही हवाय. माझी बहीण आनंदनगरला राहते, गच्चीवरून तिची सोसायटी दिसते आणि जायला तीन सिग्नल. पण पूल उतरल्यावर गाड्या जाणार कुठे? आमचे आतले रस्ते एका वेळेला दोन मोटारी जेमतेम जातील इतकेच. पोहोचरस्ता पूर्ण रुंदीनं झाला नाही तर आमच्या गल्ल्यांमध्ये सिंहगड रस्ता येऊन बसेल. आमच्याकडच्या जागांचं भूसंपादन आधी, गाड्या नंतर, असं व्हायला हवं.

धायरीकर नाना
म्हणजे पुन्हा तेच. बांधावरच्या दादांचा प्रश्न आणि कर्वेनगरचा प्रश्न एकच आहे.

पायीपायी
कर्वेनगरवाले, त्या पुलावर फुटपाथ दोन्ही बाजूंना आहे का बघून सांगाल का? आनंदनगरहून बहिणीकडे, मैत्रिणीकडे चालत जाता आलं तर कितीतरी दुचाक्या घरीच राहतील.

कर्वेनगरवाला
उद्या सकाळी फिरायला जातो तेव्हा बघून येतो, फोटो टाकतो.

विश्वकर्मा
फोटो काढाल तर उतारालगतच्या चौकाचाही काढा. वळणाला किती जागा सोडलीय त्यावरून बरंच कळेल. आणि मुठाकाठ, मेट्रोच्या स्टेशनांबद्दल लेखी सूचना द्यायच्या असतील तर मसुदा मी करून देतो. पादचारी सिग्नल, रिक्षा-बसची जागा, कामाचे पत्रे टप्प्याटप्प्यानं, हे तीन मुद्दे पहिले. बांधावरच्या दादांनी जोडरस्त्याचा गट क्रमांक आणि आराखड्यातली रुंदी कळवली तर त्याची वेगळी मागणी करू, मेट्रोच्या पत्रात ती हरवून जाईल.

बांधावरचा
सातबारा आणि आराखड्याच्या नकाशाची प्रत घरात आहे. शोधून कळवतो.